शेफर्ड, बीगल आणि निरीक्षक

४ सप्टेंबर, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. घरात मोठा निर्णय व्हायचा आहे आणि मोठ्या निर्णयाची लेखी नोंद असलेली बरी. नाहीतर पुढे घरचे म्हणतात, असं काही ठरलंच नव्हतं.

विषय: कुत्रा. कन्या (वय सतरा) सहा वर्षं मागते आहे, सहा वर्षं मी नाही म्हणतो आहे. काल जेवताना एकदम हो म्हणून टाकलं. कन्येच्या हातातला चमचा पडला. हिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. नानांनी (माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, कान गरजेपुरते चालतात) विचारलं की कोण यायचंय राहायला?

हो का म्हणालो, ते कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

आता फक्त जात ठरायची. दोन नावं पुढे आहेत. जर्मन शेफर्ड, माझं. बीगल, बाकी तिघांचं. शेफर्ड म्हणजे शिस्त, रुबाब, शब्द झेलणं, एका माणसाला मालक मानणं. बीगल म्हणजे लोंबते कान, सतत खाण्यावर डोळा आणि कुणाचंही न ऐकणं. तसले तीन जण घरात आधीपासून आहेत.

५ सप्टेंबर

हुकूमशाही करायची नाही, असा निर्णय घेतला. (एकट्याने.) निवड शास्त्रशुद्ध होईल.

सव्वीस वर्षं कारखान्यात वर्क स्टडी केला आहे. हातात स्टॉपवॉच, काखेत पॅड, आणि कामगाराच्या मागे उभं राहून कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते लिहायचं. साहेब मागे उभा आहे म्हटल्यावर मुद्दाम हळू काम करणारे शेकड्याने बघितले. एकालाही मला फसवता आलं नाही. माणूस पाना कसा धरतो यावरून मी ओळखतो.

तर पद्धत अशी. सात दिवस घरातल्या प्रत्येकाचा वेळ मोजायचा आणि मोकळी मिनिटं काढायची. शेफर्डला रोज माणसाची १२० मिनिटं लागतात, बीगलला ६०. (दोन्ही आकडे पुस्तकं वाचून आणि मग माझे मीच ठरवून.) घरात १२० निघाली की शेफर्ड. वाद खलास.

जेवताना जाहीर केलं. हेही सांगितलं की ज्याच्याकडे जितकी मोकळी मिनिटं सापडतील तितकी कुत्र्याची ड्यूटी त्याच्या नावावर लागेल आणि तसा तक्ता स्वयंपाकघरात लागेल. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढं एकमत आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी बघितलं.

शीटवर तीन रकाने आखले: ही, नाना, कन्या. निरीक्षक स्वतःला मोजत नसतो. वर्क स्टडीचा पहिला नियम.

७ सप्टेंबर

आठवड्याची रजा टाकली. साहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केली. पूर्वी चार दिवस मागितले तर दोन मिळायचे. माझी किंमत आता कळली आहे त्यांना.

मोजतो रोज तिघांना, इथे लिहितो एकेकाचं. आज ही. सकाळी ही वाचनालयात कामाला जाते, दोनला घरी. दुपारचा चहा: १७ मिनिटं. आधी पातेलं धुतलं. मग पुसलं. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. साखर घातली नाही, आधी मोजली, डब्यात परत टाकली, पुन्हा मोजली. वीस वर्षं चहा पितो आहे, पण एका कपामागे ही बाई इतकी राबते याची कल्पना नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. शीटवर हिला पंधरा टक्के फटीग अलाउन्स लावला, म्हणजे थकव्याची सूट. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली की कुठल्या डब्यात ठेवू?

८ सप्टेंबर

नाना. माझा समज होता की नाना दिवसभर सोफ्यावर असतात. साफ चूक. सकाळी सात ते एक, एक क्षण टेकले नाहीत. कपाटातली पुस्तकं काढून झटकली, उंचीप्रमाणे लावली. मग काढून जाडीप्रमाणे लावली. खिडकीचे गज मोजले. शब्दकोडं उभ्याने सोडवलं. अधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि कंबर धरायचे. मी बाथरूमला जाऊन आलो तेवढ्यात जरा बसले होते, पण मला बघताच लगबगीने उठले. या वयात केवढी ही कामसू वृत्ती! आणि आम्ही त्यांना रिकामटेकडं समजत होतो.

९ सप्टेंबर

कन्या. आज तिला सुट्टी. अभ्यास, ८ तास ५५ मिनिटं. एकच पान. फार अवघड असणार. गणितात हुशार आहे पोरगी. ते माझ्याकडून आलेलं.

१३ सप्टेंबर, रविवार

अभ्यास पूर्ण. ही १८, नाना २१, कन्या २५. एकूण मोकळी मिनिटं: ६४.

बीगलला पुरून चार उरतात. शेफर्डला निम्मी.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. सातही दिवस बेरीज ६४च्या आसपासच. एक दिवस ६३, एक दिवस ६५, की पुन्हा ६४. एका दिवशी हिची सहा मिनिटं वाढली, तर संध्याकाळी कन्येने बसल्या जागी सहा मिनिटं पेन्सिलीला टोक काढलं. इतका स्थिर आकडा मला कारखान्यातही मिळाला नव्हता. कन्येला दाखवला. ती म्हणाली की सरासरीचा नियम असतो, बाबा. असेल.

निष्कर्ष बीगल. मला मान्य नाही. आकडे म्हणजे सर्व काही नव्हे, हे वाक्य मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. प्रात्यक्षिक हवं.

१५ सप्टेंबर

योग चांगला. साडू दोन दिवस परगावी चालले आहेत. माणूस बढाईखोर, पण शेफर्ड उत्तम पाळलेला. मी म्हटलं, आमच्याकडे ठेवा. साडूंनी दोनदा विचारलं की तुमच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे? घरात मी आहे ना, असं म्हटल्यावर त्यांनी हिला फोन करून वेगळं विचारलं. स्वभावच संशयी.

शेफर्ड आठ वाजता आला. काय रुबाब! माझ्यासमोर छाती काढून बसला. मी म्हटलं, बस. तो आधीच बसलेला होता. तरी हुकूम पाळला गेला असं धरलं.

१६ सप्टेंबर, सायंकाळी ७.१५

कारखान्यातून ५.५० ला घरी. किल्लीने दार उघडलं. समोर शेफर्ड. उजवा पाय आत टाकला. गुरगुर. पाय मागे घेतला. शांतता. खात्री करण्यासाठी हा प्रयोग चार वेळा केला. मग दार ओढून घेतलं आणि जिन्यावर बसलो.

ही आणि कन्या बाजारात. नाना आत होते. अकरा वेळा बेल वाजवली. नाना झोपले असावेत. टीव्हीवर सामना चालू होता आणि नाना मधूनमधून झोपेत पंचांना शिव्या देत होते.

समोरच्या डेंटिस्ट बाई जाता जाता थांबल्या आणि कुणाकडे आलात म्हणून आपुलकीने विचारलं. नऊ वर्षं समोर राहतो आम्ही.

६.४५ ला ही आली. शेफर्ड शेपूट हलवत पुढे आला आणि हिच्या हातातली पिशवी तोंडात धरून आत घेऊन गेला. मी पिशवीच्या मागोमाग आत शिरलो. एकूण खंड ५५ मिनिटं. शेरा: शेफर्ड घर चोख राखतो, यात शंका नाही. कुणापासून, हा तपशील झाला.

नाना म्हणाले की बेल ऐकू आली होती, पण वाटलं टीव्हीतली आहे.

१७ सप्टेंबर

ऑफिसात बसून लिहितो आहे. वेळ आहे. आज खरं कारण लिहून टाकतो.

एप्रिलमध्ये कारखान्यात कॅमेरे बसले. सेकंद आता कॉम्प्युटर मोजतो. मला स्टोअरच्या शेजारची स्वतंत्र खोली दिली, दारावर पाटी, सल्लागार. ही बढतीच आहे, असं मी घरी सांगितलं. पाच महिन्यांत एकच सल्ला विचारला गेला, की खिडकी बंद ठेवली तर चालेल का, धूळ स्टोअरमध्ये येते. पूर्वी मी यंत्रांच्या शॉपमध्ये शिरलो की ओळीने माना वर व्हायच्या. आवडीने नसतील होत. पण व्हायच्या.

घरी येतो तेव्हा ही फोनवर, कन्या फोनमध्ये, नाना टीव्हीसमोर. कुणाचीच मान वर होत नाही. दोष देत नाही. पण मी आल्यावर जागचा उठून दारापर्यंत येईल, असा एक तरी जीव घरात असावा असं वाटतं. बस, एवढंच मागणं आहे.

वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं. पान फाडणार होतो, पण पाठीमागे कालची नोंद आहे.

१८ सप्टेंबर

साडू शेफर्डला घेऊन गेले. निर्णय झाला: बीगल.

खरं म्हणजे माझं मत पहिल्यापासून बीगलचंच होतं. घरच्यांना कळू दिलं नाही इतकंच. बीगलचं नाक बघा. आपला माणूस कोपऱ्यावर असतानाच त्याला वास येतो. शेफर्डचं काय, ती एक वर्दी आहे. प्रेम नाकात असतं.

२१ सप्टेंबर

कुत्रेवाल्या बाई येऊन गेल्या. गावाबाहेर त्यांचं कुत्र्यांचं घर आहे, पिल्लं तिथेच वाढवतात, आणि घर बघितल्याशिवाय, माणसं तपासल्याशिवाय पिल्लू देत नाहीत. पायात गमबूट, हातात वही. अशी माणसं मला आवडतात.

त्यांनी एकेकाला विचारलं की पिल्लासाठी रोज किती वेळ निघेल? ही म्हणाली, दुपारी दोननंतर मी मोकळीच असते, तीन तास सहज. नाना म्हणाले, बाई, वेळेशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय? सकाळपासून सोफ्यावर पडलेला असतो. कन्या म्हणाली, मी चारला घरी येते, अभ्यास तासाभरात उरकतो.

माझ्या हातातलं पेन थांबलं.

सात दिवस! सात दिवस मी या लोकांच्या मागे पॅड घेऊन उभा होतो! उजेडात धरलेलं पातेलं! जाडीप्रमाणे लावलेली पुस्तकं! पेन्सिलीचं टोक! कारखान्यात जे मी शेकडो कामगारांना जमू दिलं नाही ते माझ्या बायकोने, बापाने आणि पोटच्या पोरीने माझ्याच घरात करून दाखवलं. केसाने गळा कापला. आणि तोही तिघांनी मिळून, रोज बेरीज जुळवून.

बाईंसमोर तमाशा नको म्हणून शांतपणे माझं शीट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हा माझा अभ्यास. बाईंनी नीट वाचलं. विचारलं की घरात माणसं किती? चार. मग रकाने तीनच कसे? मी वर्क स्टडीचा पहिला नियम समजावला. बाई म्हणाल्या की इतका प्रामाणिक कागद त्यांनी अजून बघितला नव्हता, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर मी गॅलरीत निघून गेलो. कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून वीस मिनिटं उभा होतो. आलो तेव्हा बाई गेल्या होत्या.

२२ सप्टेंबर

हिला जाब विचारला. ती म्हणाली, तुम्ही तक्ता लावणार होतात स्वयंपाकघरात. आपल्या घरात चहा करायचा तर मागे माणूस उभा, कुणाला आवडेल? आणि सात दिवस मिनिटं मोजलीत, एकदा तरी विचारलंत का, तुम्हाला कुठला कुत्रा हवा आहे आणि का?

मी म्हटलं, मुद्दा तो नाही. मुद्दा कुठला ते सुचलं नाही. तेव्हापासून मौन धरलं आहे.

२३ सप्टेंबर

मौनाचा दुसरा दिवस. घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

२४ सप्टेंबर

मौन सोडावं लागलं. कपाट आवरताना ही नानांना विचारत होती की तुमचा मफलर परत मागून घेऊ का? मी विचारलं, कुणाकडून?

तेव्हा कळलं. बाईंची पद्धत अशी आहे की पिल्लू देण्याआधी आठवडाभर त्याच्या टोपलीत घरातल्या प्रत्येकाचा एकेक वापरलेला, न धुतलेला कपडा ठेवायचा. पिल्लाला वासाची सवय होते आणि घरी आल्याबरोबर ते माणसं ओळखतं. हिने ओढणी दिली, नानांनी मफलर, कन्येने टी-शर्ट. माझं काय? ही म्हणाली की बाईंनी वहीत बघून तीनच मागितले, मला वाटलं तुम्ही तुमचा वेगळा दिला असेल. नाना म्हणाले की तू गॅलरीत होतास.

मी गॅलरीत होतो! माणूस वीस मिनिटं गॅलरीत गेला तर त्याला घरातून वजा करायचं?

नाकावर जगणाऱ्या प्राण्याला तीन माणसांचा वास पाठवला आणि मला वगळलं. यापेक्षा शेफर्ड बरा. तो निदान तोंडावर गुरगुरला.

२५ सप्टेंबर

गप्प बसणाऱ्यातला मी नव्हे. साहेबांना अर्धा दिवस मागितला, त्यांनी पूर्ण घ्या म्हणून आग्रह केला. थेट गावाबाहेर बाईंकडे.

बरोबर माझा बनियन. मंगळवारपासून सलग अंगात होता, म्हणजे चांगला चार दिवसांचा. घरच्यांनी एक दिवस वापरलेले कपडे दिले, माझा माल चौपट. सुती, जाड, जुना. बाई कुत्र्यांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. फाटकाशी एक मोठी लाकडी पेटी होती, तिच्यावर लिहिलं होतं: जुने कपडे येथे ठेवावेत. किती नीटनेटकी व्यवस्था! बनियन घडी करून सगळ्यांत वर ठेवला.

घरी कुणाला बोललो नाही. करू द्या त्यांना गंमत.

३० सप्टेंबर, सायंकाळी ६.००

आज पिल्लू आलं!!

बाईंनी हॉलच्या मध्यभागी टोपली ठेवली. पिल्लू बाहेर आलं. एवढंसं, कान जमिनीला टेकलेले. एका बाजूला ही, नाना, कन्या, तिघंही जमिनीवर बसून, हात पुढे करून, नाही नाही ते आवाज काढत. दुसऱ्या बाजूला मी, खुर्चीत, काहीही न करता. स्टॉपवॉच चालू केलं.

पिल्लाने नाक वर केलं. हिच्याकडे बघितलं, कन्येकडे बघितलं, आणि तिघांना सोडून सरळ माझ्याकडे धावत आलं. वेळ: चार सेकंद. माझे पाय हुंगले. पुन्हा हुंगले. गोल गोल फिरलं. मला तर भरून आलं. आणि मग पायावर मुतलं.

सगळे हसले. हसू देत. प्राण्यांत हक्क सांगायची ती पद्धत असते, असं मी कुठेतरी वाचलं आहे. हिच्यावर का नाही मुतलं? नानांवर का नाही?

१ ऑक्टोबर

सकाळी माझ्या चपलेत. संध्याकाळी माझ्या खुर्चीखाली. घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही वस्तूला स्पर्श नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

२ ऑक्टोबर

ऑफिसची बॅग. आतून.

३ ऑक्टोबर

आज मुद्दाम मांडीवर घेतलं. शर्ट, पँट, आणि खिशातली डायरी. (ही नव्हे, ऑफिसची. तिच्यात काही नव्हतं.) ही म्हणाली की अहो, तुम्हीच धुवा, तुमच्यावर जीव आहे त्याचा. स्वरात जरा मत्सर वाटला.

५ ऑक्टोबर

खुर्ची दोनदा, उशी, चपला, टॉवेल, इस्त्रीचे कपडे. हिच्या मांडीवर ते झोपतं. नानांचा मफलर घेऊन खेळतं. कन्येच्या मागे मागे घरभर फिरतं. माझ्याकडे फक्त कामापुरतं येतं, काम झालं की वळूनही बघत नाही. जरा शंका येऊ लागली आहे.

नाना म्हणाले, भीक नको पण कुत्रं आवर. पण हे त्यांनी मला बघून का म्हणावं ते कळलं नाही.

६ ऑक्टोबर

कन्येने बाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बाई म्हणाल्या, आश्चर्य आहे, पिल्लाला जागा शिकवलेली आहे. त्यांच्याकडे कोपऱ्यात वर्तमानपत्रं पसरतात आणि वर जुनी फडकी. फाटकाशी पेटी ठेवली आहे, तिच्यात लोक आणून टाकतात. आत्ताच कुणीतरी एक छान जाड बनियन टाकून गेलं होतं. बाकी कुठल्या फडक्यावर हे पिल्लू जात नसे, पण तो बनियन त्याला इतका आवडला की पाच दिवसांत एकदाही चुकलं नाही. बहुतेक वासाची खूण पटली असावी.

फोन ठेवला. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघत होतो.

मग हसले. नाना तर इतके हसले की कन्येला त्यांना पाणी द्यावं लागलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे ऐकून होतो. पण बनियन?

७ ऑक्टोबर

बाईंनी उपाय सांगितला आहे. तीन आठवडे माझ्या वस्तू जमिनीवर नकोत. मी साबण बदलायचा. पिल्लाने जवळ यायचा प्रयत्न केला तर मी उभं राहायचं आणि शांतपणे निघून जायचं, म्हणजे माझा वास म्हणजे ती जागा, ही त्याची समजूत मोडेल. थोडक्यात, जो एक जीव मी आल्यावर धावत येतो, तो आला की मी पळायचं.

माझी खुर्ची गॅलरीत गेली.

१२ ऑक्टोबर

उपाय लागू पडला. पाच दिवसांत खुर्ची कोरडी. पिल्लू आता माझ्याकडे येत नाही. अजिबातच येत नाही.

नाना सांगत होते की दुपारी पावणेदोनला ते उठतं, दारात जाऊन बसतं, आणि दोनला ही आली की उड्या मारतं. चारला कन्येसाठी तेच. आणि नाना खाली पेपर आणायला गेले तरी परत येईपर्यंत उंबऱ्यावर नाक टेकून पडलेलं. म्हणजे मला हवा होता तो जीव घरात आला आहे. अगदी तसाच आहे. मी मागितलं त्यात काहीच कमी नाही, फक्त पत्ता चुकला.

मी ५.५० ला येतो तेव्हा ते सोफ्याखाली असतं. हिला म्हटलं. हिने आज चहा माझ्याबरोबर गॅलरीत घेतला. चार मिनिटांत झाला होता चहा. मोजला नाही, अंदाज.

१९ ऑक्टोबर, सायंकाळी ५.२०

लवकर आलो. साहेबांना विचारलं तर म्हणाले की विचारत जाऊ नका, जात जा.

घरी कुणी नाही. टेबलावर चिठ्ठी: पिल्लाला इंजेक्शनला नेतो आहोत, नानाही आले आहेत, साडेसहापर्यंत येऊ.

५.४५. टीव्ही लावला. बंद केला.

६.१०. चपलांच्या स्टँडजवळ स्टूल आणून बसलो. इथून लिफ्ट ऐकू येते. काही विशेष कारण नाही, वारा बरा येतो.

६.३०. नाही आले. इंजेक्शनला गर्दी असेल. लहान आहे, दुखलं असेल.

६.४०. लिफ्ट. उठलो. वरच्या मजल्यावरचे.

६.५२. पुन्हा लिफ्ट. पुन्हा उठलो. डेंटिस्ट बाई.

७.४०. आता सगळं झाल्यावर लिहितो आहे. ७.०५ ला आले. बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. पिल्लू कन्येच्या हातातून खाली उतरलं, उंबऱ्याशी थांबलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि भुंकायला लागलं.

त्याचं पहिलं भुंकणं. आजवर तोंडातून आवाज नव्हता. ही त्याला समजावत होती की अरे वेड्या, हे आपल्याच घरातले आहेत. त्याला पटलेलं दिसलं नाही. पण तिघांना आनंद केवढा झाला! कन्येला त्याचा व्हिडिओ हवा होता आणि फोन काढेपर्यंत ते गप्प झालं होतं. मग ती म्हणाली की बाबा, प्लीज, तुम्ही आत जा, दार लावून घ्या आणि मी हाक मारली की पुन्हा उघडा.

मी दार लावून घेतलं. हाक आली, उघडलं. चांगला आला नाही म्हणून पुन्हा. असं एकूण चार वेळा उघडलं. चारही वेळा भुंकलं. चौथ्यांदा सगळ्यांत मनापासून.